समुद्रावरची बेगमी

वैशाख सरतां सरतां उडणारी एक धांदल मराठी घरांतून पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे; तिचें नांव बेगमी. गहूं-तांदूळ उन्हांत घालून, निवडून डब्यांत भरावयाचे, डाळींना एरंडेलाचा हात लावावयाचा, पापड-कुरडयांचे डबे माळ्यावर चढवावयाचे, आणि पावसाची पहिली सर येण्यापूर्वीं सगळ्या फडताळावरून एकदां नजर फिरवून निश्चिंत व्हावयाचें, हा तिचा क्रम. तरीहि श्रावणांत मीठ संपलेंच तर कोपऱ्यावर वाणी असतो. ज्या रस्त्यावर वाणी नाहीं, किंबहुना ज्या रस्त्याला कोपराच नाहीं, अशा रस्त्यानें निघणारांची बेगमी कशी असते, हा या भाषणाचा विषय आहे. रस्ता समुद्राचा, वाहन शिडाची लहानशी नौका, आणि मुक्काम दूरच्या बेटांवर.

अशा नौकांचा एक राजमार्ग पनामापासून सुरू होतो. कालवा ओलांडून पॅसिफिक महासागरांत आलेल्या नौकेला गालापागोस बेटें सुमारें नऊशें सागरी मैलांवर लागतात, आणि तेथून मार्केसास बेटें आणखी सुमारें तीन हजार मैलांवर. या दुसऱ्या टप्प्यांत मध्यें कोठेंहि भूमि नाहीं. तीस-चाळीस फुटांची नौका अनुकूल वाऱ्यावर दिवसाकाठीं शंभर ते दीडशें मैल जाते. म्हणजे हा टप्पा तीन आठवड्यांपासून महिन्यापर्यंतचा झाला. परंतु हिशेब तेथें संपत नाहीं. मार्केसासच्या पुढें तुआमोतुचा द्वीपसमूह आहे. प्रवाळांच्या त्या सखल कड्यांवर माती फार थोडी, नारळ पुष्कळ, आणि दुकान असलेंच तर एखादें. तेंहि ताहितीहून मालाची बोट नुकतीच येऊन गेली असेल तर भरलेलें, नाहीं तर रिकामें. म्हणून पनामाच्या बाजारांत यादी घेऊन हिंडणारा शहाणा माणूस समोरच्या महिन्यापुरतें पाहत नाहीं. त्याच्यापुढच्या पांच-सहा महिन्यांचा विचार करतो.

किती घ्यावें हा प्रश्न वस्तुतः सोपा आहे. माणसें किती, दिवस किती, आणि एका माणसाला दररोज काय लागतें, यांचा गुणाकार शाळेंतला मुलगाहि करील. वाटेंत वारा पडेल म्हणून त्यांत निम्म्याची भर घातली कीं झालें. कठीण प्रश्न दुसराच आहे. जें भरलें आहे असें भरणारा समजतो, तें ज्या दिवशीं हवें त्या दिवशीं खाण्याजोगें असेल काय, सांपडेल काय, आणि हाताला लागेल काय? ज्यांच्या कथा पुढें येत आहेत त्यांपैकीं कोणीहि यादी करण्यांत चुकला नव्हता.

या विद्येचा पहिला धडा धक्क्यावरच मिळतो. पुठ्ठ्याचीं खोकीं नौकेंत न्यावयाचीं नाहींत. जिन्नस काढून घेऊन तीं तेथेंच टाकावयाचीं. पुठ्ठ्याच्या पन्हळींत झुरळांचीं अंडीं असूं शकतात, आणि झुरळ एकदां नौकेंत शिरलें कीं तें भाडें न देणारें कायमचें उतारू होतें. बंद डब्यांवरच्या कागदी चिठ्ठ्या नौकेच्या तळाशीं सांठणाऱ्या पाण्यानें सुटतात, त्यांचा लगदा पंपांत जाऊन बसतो, आणि मग कोणत्या डब्यांत वाटाणे आणि कोणत्यांत फळें हें ब्रह्मदेवालाहि सांगतां येत नाहीं. म्हणून जुने खलाशी चिठ्ठ्या आधींच काढून टाकतात, पत्र्यावर रंगानें नांव लिहितात, आणि गंज चढूं नये म्हणून वरून व्हार्निशचा हात देतात.

अंडीं घ्यावयाचीं तीं बर्फाच्या कपाटांत कधींच न ठेवलेलीं आणि न धुतलेलीं. कारण एकदां गार झालेलें अंडें बाहेर काढलें कीं लवकर नासतें. त्यांना व्हॅसलीन चोळून कवचाचीं सूक्ष्म छिद्रें बुजवावयाचीं आणि दर कांहीं दिवसांनीं तीं उलटीं करावयाचीं. अशीं अंडीं महिनाभर आणि त्याहूनहि अधिक टिकतात. तरीहि फोडतांना प्रत्येक अंडें प्रथम वेगळ्या वाटींत फोडावें. हा नियम मोडणारा तो एकदांच मोडतो. बटाटे आणि कांदे शेजारीं ठेवूं नयेत. दोघेहि एकमेकांच्या संगतीनें बिघडतात. कोबीचा गड्डा कापूं नये, वरून एकेक पान सोलून वापरावें. लिंबें एकेक करून कागदांत गुंडाळावीं. केळ्यांचा घड पाहून नवखा माणूस भुलतो. पण तो सगळा एकदम पिकतो, आणि मग चार दिवस केळ्यांखेरीज दुसरें कांहीं खातां येत नाहीं. तांदळांत आणि पिठांत तमालपत्र घातलें म्हणजे टोके होत नाहींत अशी खलाशांची समजूत आहे; टोक्यांना ती मान्य आहे असें दिसत नाहीं. खरा उपाय घट्ट झांकणाच्या डब्याचा.

आणि या सर्वांच्या वर एक वही. कोणता जिन्नस कोणत्या फळीखालीं ठेवला तें तींत लिहावयाचें, आणि काढला कीं खोडावयाचें. जड सामान खालीं व मध्यभागीं, हलकें टोंकांना, हा नौकेचा कायदा आहे. त्यामुळें स्वयंपाकघरांतली सोय तेथें चालत नाहीं. रोजचें मीठ पुढच्या बिछान्याखालीं आणि साखर जिन्याखालीं अशी व्यवस्था लागते, ती लक्षांत ठेवणें एकट्या डोक्याचें काम नव्हे. वही नसली तर मिठाच्या एका पिशवीसाठीं हेलकावणाऱ्या नौकेंत अर्धें सामान उपसावें लागतें.

एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस जोशुआ स्लोकम. १८४४ सालीं नोव्हा स्कोशियांत जन्मलेला हा कप्तान शिडाच्या मोठ्या जहाजांवर वाढला. पण वाफेच्या बोटींनीं तीं जहाजें बाजूला सारलीं, आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर तो बेकार झाला. एका मित्रानें त्याला जहाज देऊं केलें. जाऊन पाहतो तों शेतांत टेकू देऊन उभी केलेली एक सडकी नौका. स्लोकमनें ती स्वतःच्या हातानें नवी केली. तेरा महिने गेले आणि ५५३ डॉलर ६२ सेंट लागले. ‘स्प्रे’ हें तिचें जुनें नांव त्यानें कायम ठेवलें. लांबी ३६ फूट ९ इंच. २४ एप्रिल १८९५ रोजीं तो बॉस्टनहून निघाला आणि ४६,००० मैल काटून १८९८ च्या जूनमध्यें परत आला.

त्याची बेगमी आजच्या मानानें गरिबाघरची होती. ग्लॉस्टर या मासेमारीच्या गांवीं खारवलेला सुका कॉड मासा आणि खवळलेल्या समुद्रावर ओतण्यासाठीं तेलाचें एक पिंप मिळालें. यार्मथ येथें लोणी, पिंपभर बटाटे आणि सहा पिंपें पाणी भरलें. तेथेंच त्यानें पत्र्याचें एक घड्याळ घेतलें. किंमत दीड डॉलर; पण तबकडी फुटलेली असल्यामुळें दुकानदारानें तें एका डॉलरला दिलें. पीठ, साखर, चहा आणि कॉफी नौकेवर नेहमीं भरपूर असे. आठवड्यांतून दोन-तीन वेळां तो बिस्किटें भाजत असे. बटाटे, खारा मासा आणि बिस्किटें हेंच त्याचें जेवण. व्यापारी वाऱ्यांच्या प्रदेशांत रात्रीं उडते मासे नौकेवर येऊन पडत. सकाळीं ते वेंचून घ्यावयाचे एवढेंच काम उरे. बटाट्यांना मात्र तो खलाशाची चैन समजत असे, आणि ती चैन निरर्थक नव्हती. ताज्या भाजीपाल्यावांचून महिनोन्महिने राहणाऱ्यांना स्कर्व्ही हा हिरड्या सुजवून रक्त काढणारा रोग होतो; तो टाळणारें क जीवनसत्त्व बटाट्यांत असतें.

अझोर बेटांवर लोकांनीं त्याला फळांनीं लादून टाकलें. निघाल्यावर त्यानें आलुबुखार आणि भेट मिळालेलें पांढरें चीज पोटभर खाल्लें, आणि रात्रीं पोटांत असा गोळा उठला कीं तो केबिनच्या फळ्यांवर निपचित पडला. वर वादळ घोंघावत होतें. डोळे उघडले तों सुकाणूपाशीं एक उंच अनोळखी गृहस्थ उभा! आपण कोलंबसाच्या ‘पिंटा’ जहाजाचे वाटाडे आहों असें त्यानें सांगितलें, आणि चीजबरोबर आलुबुखार खाल्ल्याबद्दल कप्तानाची कानउघाडणीहि केली. शुद्धीवर येऊन पाहिलें तों नौका आपल्या वाटेवर नीट चाललेली होती. आजाराच्या भरांतला हा भास स्लोकमनें मोठ्या खुशीनें लिहून ठेवला आहे. स्वयंपाकघर सांभाळणारांना त्यांतून एवढेंच दिसेल कीं खाऱ्या माशावर राहिलेल्या पोटाला ताजें फळहि जपूनच द्यावें लागतें.

पुढें मॅगेलनच्या सामुद्रधुनींत त्याला फुटलेल्या जहाजांतलीं चरबीचीं पिंपें किनाऱ्यावर पडलेलीं सांपडलीं. त्यानें तीं मोठ्या कष्टानें नौकेंत भरलीं. चरबी खाऊन कोणी प्रदक्षिणा करीत नाहीं हें खरें. पण चिलीच्या किनाऱ्यापासून सुमारें ६७० किलोमीटर दूर असलेल्या हुआन फर्नांदेस बेटावर त्या चरबीचें सोनें झालें. बेटावरील लोक होडींतून त्याला भेटावयास आले तेव्हां त्यानें त्यांच्यापुढें कॉफी आणि डोनट, म्हणजे चरबींत तळलेलीं पिठाचीं गोड कडीं, ठेवलीं. तीं लोकांना इतकीं आवडलीं कीं स्लोकमनें त्यांना कृति शिकविली आणि तळण्यासाठीं चरबीहि विकली. दाम आले ते जुन्यापुराण्या नाण्यांत. त्यांतलीं कांहीं तेथल्या उपसागरांत बुडालेल्या जुन्या गलबतांतलीं होतीं, आणि पुढें शोकिनांनीं त्यांना दर्शनी किमतीहून अधिक किंमत दिली.

इतका धोरणी व्यापारी त्याच बेटावर फसला. मॅन्युएल कॅरोझा नांवाचा एक पोर्तुगीज तेथें स्थायिक झालेला होता. स्लोकमजवळ एका आगबोटीकडून मिळालेले उत्तम बटाटे होते. ते जुने झाले आहेत, आपल्याला बियाणें बदलण्यासाठीं हवे आहेत, त्यांच्या बदल्यांत बेटावरचे नवे घे, असें मॅन्युएलनें सुचविलें. नवे द्यावे आणि जुने घ्यावे, याहून सरळ सौदा कोणता? स्लोकमनें तो केला. समुद्रावर गेल्यावर पोतें सोडलें तों बटाटे उग्र, न खाण्याजोगे, आंत पिंवळ्या बारीक रेघांनीं भरलेले. भूक कडाडली म्हणजे हेच गोड लागतील अशा आशेनें त्यानें पोतें पुन्हां बांधून ठेवलें. तीन आठवड्यांनीं सोडलें, आणि आंतून पांखरांचा लोटच्या लोट बाहेर उडाला! मॅन्युएलचे सगळे बटाटे पतंग झाले होते. पोतें समुद्रांत गेलें.

या विनोदाचें गांभीर्य नकाशावर दिसतें. ५ मे १८९६ रोजीं स्लोकमनें हुआन फर्नांदेस सोडलें. त्रेचाळिसाव्या दिवशीं मार्केसासपैकीं नुकुहिवा बेट दिसलें. तें त्यानें तसेंच मागें टाकलें, आणि सामोआला नांगर पडला तो बहात्तराव्या दिवशीं. एवढ्या दिवसांच्या हिशेबांत बटाट्यांचें एक पोतें जमेला धरलेलें होतें, आणि तें मुळांत नव्हतेंच.

बटाट्यांवांचून माणूस जगतो, पाण्यावांचून नाहीं. पिण्यास आणि स्वयंपाकास मिळून माणशीं दिवसाला निदान दोन-तीन लिटर पाणी धरावें लागतें. दोघांच्या चाळीस दिवसांना निदान दोनशें लिटरांच्या आसपास. तें सगळें एका टांकींत ठेवणें म्हणजे सगळे दागिने एका पेटींत ठेवण्यासारखें आहे. ‘सुहेली’ ही बत्तीस फुटांची नौका मुंबईस सागवानी लाकडाची बांधलेली. तिच्यांतून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ रोजीं इंग्लंडमधील फालमथहून निघाला आणि २२ एप्रिल १९६९ रोजीं परत तेथेंच आला. कोठेंहि न थांबतां एकट्यानें केलेली ती पहिली प्रदक्षिणा. वाटेंत त्याच्या ध्यानांत आलें कीं टांक्यांतलें पाणी नासलें आहे. सुटे डबे भरून वेगळे ठेवलेले होते, आणि पुढें पाऊस शिडावरून ओघळवून भांड्यांत धरतां आला, म्हणून ती सफर पुरी झाली. आज खाऱ्या पाण्याचें गोडें करणारें यंत्र पुष्कळ नौकांवर असतें. पण यंत्राला वीज लागते, आणि वीज बंद पडते ती नेमकी वारा पडल्यावर. जुना खलाशी यंत्र बसवितो आणि डबेहि भरतो.

कोठें थांबावयाचें यावर बेगमीचें रूप कसें पालटतें तें गोव्यांत दिवाड बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यांत बांधलेल्या ‘म्हादेई’ या नौकेनें दाखविलें. नौदलाचे अधिकारी दिलीप दोंदे यांनीं २००९-१० मध्यें तिच्यांतून एकट्यानें प्रदक्षिणा केली ती फ्रीमँटल, लिटलटन, फॉकलंड बेटांवरील पोर्ट स्टॅन्ली आणि केप टाउन असे चार मुक्काम करून. त्याच नौकेंतून १ नोव्हेंबर २०१२ रोजीं मुंबईहून निघालेले अभिलाष टॉमी पांच महिन्यांनीं मुंबईसच परतले, मध्यें कोठेंहि न थांबतां; म्हणजे शेवटच्या दिवसाचें जेवणसुद्धां पहिल्याच दिवशीं नौकेंत होतें.

परंतु नीट भरलेलें, नीट लिहिलेलें, नीट टिकलेलेंहि एका क्षणांत नाहींसें होऊं शकतें. डूगल रॉबर्टसन हा इंग्लंडांतला शेतकरी पूर्वाश्रमींचा जहाजी होता. बायकामुलांना घेऊन तो ‘ल्युसेट’ नांवाच्या जुन्या लांकडी नौकेंतून प्रवासास निघाला. १५ जून १९७२ रोजीं, गालापागोस सोडून दोन दिवस झाले असतां, मार्केसासच्या त्याच मोठ्या टप्प्यावर ओर्का जातीच्या देवमाशांनीं नौकेला धडका दिल्या आणि ती पाहतां पाहतां बुडाली. महिनाभराचें अन्नपाणी तिच्याबरोबर तळाला गेलें. सहा माणसें, एक रबरी तराफा, एक छोटी होडी, आणि पाण्यावर तरंगतांना हातीं लागलेलीं कांहीं संत्रीं, लिंबें आणि कांद्यांची पिशवी, एवढेंच मागें उरलें. सतराव्या दिवशीं तराफा निकामी झाला आणि सहाहि जणांना त्या इवल्याशा होडींत बसावें लागलें. पावसाचें पाणी आणि कांसवांचें मांस यांवर ते तगले. अडतिसाव्या दिवशीं एका जपानी मच्छीमार बोटीनें सहाहि जणांना जिवंत उचललें.

पुढच्याच वर्षीं, ४ मार्च १९७३ रोजीं, पनामाहून गालापागोसकडे जाणारी ‘ऑरॅलिन’ ही नौका देवमाशाच्या धडकेनें बुडाली. तिच्यांतील बेली पतिपत्नी जवळजवळ चार महिने तराफ्यावर होतीं, आणि कपड्यांना लावावयाच्या सेफ्टी पिनांचे गळ करून त्यांनीं मासे धरले. तेव्हांपासून शहाण्या नौकेंत जिन्याच्या तोंडाशीं, एका हातानें ओढतां येईल अशी, एक थैली बांधलेली असते. पाणी, गळ आणि दोरी, चाकू, आरसा, थोडें कोरडें अन्न. ती सगळ्यांत आधीं भरावयाची आणि पुढच्या बंदरापर्यंत तिला हात लावावयाचा नाहीं. बिस्किटें संपलीं म्हणून त्या थैलींत हात घालणारा माणूस बरोबरच्यांच्या मनांतून उतरतो, आणि तें योग्यच आहे.

आतां बेटांची बाजू. जाणारा बेटाकडे भरल्या कोठाराच्या दृष्टीनें पाहतो. ही दृष्टि फार जुनी. हुआन फर्नांदेसवर सोळाव्या शतकांत स्पॅनिश लोकांनीं शेळ्या सोडल्या, त्या येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांना ताजें मांस मिळावें म्हणून. १७०४ पासून १७०९ पर्यंत तेथें एकाकी राहिलेला अलेक्झांडर सेल्कर्क याच शेळ्यांवर जगला. पुढें त्यांचा उपयोग आपल्यापेक्षां चांच्यांनाच अधिक होतो असें पाहून स्पॅनिश लोकांनीं शेळ्या मारण्यासाठीं कुत्रे सोडले! शत्रूची शिदोरी बंद करण्याची ही युक्ति पाहून हंसूं येतें. पण शेळ्यांनीं आणि त्यांच्यामागून आलेल्या प्राण्यांनीं त्या बेटावरच्या, जगांत दुसरीकडे कोठें नसलेल्या, वनस्पतींची जी नासधूस केली ती हंसण्याजोगी नाहीं. इंग्रज आरमाराचा जॉर्ज ॲन्सन १७४१ मध्यें स्कर्व्हीनें अर्धमेलीं झालेलीं माणसें घेऊन त्याच बेटाला लागला. हिरवा पाला खाऊन त्याचे लोक सांवरले, आणि जाण्यापूर्वीं त्यानें तेथें सॅलडचा पाला आणि गाजरें पेरलीं, रानांत आलुबुखार, जर्दाळू आणि पीच यांच्या आठळ्या लावल्या. त्या पुढें येणाऱ्या अनोळखी खलाशासाठीं होत्या.

जिवंत शिधा नौकेवर घेण्याची हौस स्लोकमलाहि एकदां भोंवली. सेंट हेलेना बेटावर त्याला एक शेळी भेट मिळाली. दूध नाहीं, मांस नाहीं. तिनें दोरखंडें चावलीं, कप्तानाची गवती टोपी खाल्ली, आणि शेवटीं वेस्ट इंडीज बेटांचा नकाशा फस्त केला. असेन्शन बेट येतांच तिला उतरवून देण्यांत आलें.

आजच्या बेटांवर शेळ्यांऐवजीं दुकान असतें, पण तें बोटीवर अवलंबून असतें. ट्रिस्टन द कुन्हा या अटलांटिकमधील बेटावर विमानतळ नाहीं. माल केप टाउनहून वर्षांतून मोजक्या वेळां येणाऱ्या जहाजांतून येतो, आणि सर्वांत जवळचें वस्तीचें बेट, सेंट हेलेना, सुमारें २,४०० किलोमीटर दूर आहे. अशा ठिकाणीं बाहेरच्या माणसानें येऊन मांडणीवरचें पीठ आणि साखर उचलली तर पैसे रोख मिळाले म्हणून दुकानदार नको म्हणत नाहीं. मागाहून येणाऱ्या घरच्या बायकांना मात्र पुढच्या बोटीची वाट पाहावी लागते. म्हणून पनामाच्या यादींत एक वेगळें पान असतें. गळ, दोर, शिवणाच्या सुया, मुलांच्या वह्या, होडीच्या यंत्राचे किरकोळ भाग, चांगला चहा. हें खाण्यासाठीं नव्हे. नारळ, लिंबें, कांहीं अंडीं मिळावींत म्हणून, आणि देणाराच्या घरांतलें खरोखर उरलेलें असेल तेंच मिळावें म्हणून. पॅसिफिकमधील कित्येक बेटांवर पैशापेक्षां हें पान अधिक चालतें.

माल खपविण्याची अडचण बेटावरच्या माणसालाहि असते. मॅन्युएलजवळ बटाट्यांचें मोठें पीक पडलेलें होतें आणि विकत घेणारें कोणी नव्हतें. ताज्या भाजीपाल्याला सदैव आसुसलेले असत ते देवमाशांची शिकार करणारे जहाजी. तेव्हां निरोप देतांना त्यानें स्लोकमला आणखी एक गळ घातली: वाटेंत जहाजें भेटलीं तर हुआन फर्नांदेसच्या आसपास देवमासे दिसले, असें त्यांना अवश्य सांगावें.